ठिगळमास्तरांचं छत

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव तापट आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांच्या गळक्या नळांची गाऱ्हाणी ऐकायची, आणि घरी आलं की मोरीच्या दारातच गळत्या छताखालच्या बादलीला ठेचकाळायचं. अशा बाईचा स्वभाव थंड राहणार तरी कसा? आणि हे सगळं ज्यांच्यामुळे, ते माझे वडील. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. गल्ली त्यांना ठिगळमास्तर म्हणते.

अप्पा टेलर आहेत, पण दुरुस्तीचे टेलर. नवीन कापड घेऊन कोणी आलंच, तर ते चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "जुन्याला काय झालं?" गिऱ्हाईक खजील होतं. दुसऱ्या दिवशी जुनी पँट घेऊन येतं. अप्पा ती कमरेत सोडतात, गुडघ्याला आतून तुकडा लावतात, आणि परत देताना अशा थाटात झटकतात की जणू माणसाला नोकरीच लावून दिली. कॉलर झिजली की उलटी करायची, तीही झिजली की बाहीच्या आतलं कापड काढून तिसरी बसवायची. त्यांचा स्वतःचा एक सदरा आहे, त्यात मूळ सदऱ्याचं फक्त एक बटण उरलंय असा माझा अंदाज आहे.

काम घरातच चालतं, पुढच्या खोलीत. खिडकीला लागून मशीन, भिंतीला कपड्यांची दांडी, आणि त्यांना सोडून कोणालाही न सापडणारी कात्री. पण त्यांचं एक स्वप्न होतं. मोठ्या रस्त्यावर स्वतःचं दुकान, पुढे काच, वर पाटी. मी चौदा वर्षांची असताना ते स्वप्न इतकं जवळ आलं होतं की त्यांनी पेंटरकडून पाटीसुद्धा रंगवून आणली. पत्र्याची, चांगली सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. मग जागेचं भाडं वाढलं आणि अप्पा म्हणाले, एक वर्ष थांबू. पैसे बँकेत ठेव म्हणून टाकले. त्या एका वर्षाला अठरा वर्षं झाली. पाटी काही दिवस आईच्या पलंगामागे जुन्या चादरीत गुंडाळून उभी होती, मग एक दिवस तिथून नाहीशी झाली. आईनं विचारलं तर अप्पा म्हणाले, "आहे. जपून ठेवलीय."

नेमक्या त्याच वर्षी छत गळायला लागलं.

आमचं घर बैठं, छत सपाट. खाली लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर डांबरी कागद. असं छत एका वयानंतर बदलावंच लागतं हे जगातल्या सगळ्या माणसांना कळतं. पण अप्पांना छत म्हणजे मोठ्या मापाची पँट वाटली. गळलं की ते शिडी लावून वर जायचे आणि ठिगळ लावून खाली यायचे. "झालं काम," असं म्हणून हात धुवायचे. ते बरोबर पुढच्या पावसापर्यंत टिकायचं. मग पाणी दुसरीकडून वाट काढायचं, अप्पा पुन्हा शिडी लावायचे. नवीन छताचा विषय काढला की एकच उत्तर: "ती ठेव दुकानाची आहे. छताला हात आहेत की माझे!"

घरात सहा बादल्या होत्या आणि प्रत्येकीची जागा ठरलेली होती. दोन स्वयंपाकघरात, एक मोरीच्या दारात, एक माझ्या खोलीत, दोन आईच्या खोलीत पलंगाच्या दोन्ही अंगांना. गंमत म्हणजे पलंग तेवढा कोरडा राहायचा. सगळीकडे टपटप आणि मधे हा पलंग ठणठणीत. आई म्हणायची, "देवाची कृपा म्हणून एवढी चार हात जागा कोरडी आहे. नाहीतर यांनी मला केव्हाच बुडवलं असतं!"

आणि मग तिचं नेहमीचं सुरू व्हायचं. "त्या पाटीला बघा कसं जपलंय. कुठे कापडात गुंडाळून ठेवलीय ते मलाही सांगत नाहीत. पाटीला पाणी लागता कामा नये. बायको काय, भिजली तर वाळेल!"

अप्पा यावर काहीही बोलायचे नाहीत. मान खाली घालून शिवत राहायचे. मला त्या गप्प बसण्याचा इतका संताप यायचा, की मी आईपेक्षा मोठ्यानं भांडायचे.

मग यंदा मावशी आली. मावशीचं घर दुमजली, ते ती दर दहा मिनिटांनी आठवण करून देते. पुढच्या खोलीत चहा घेत बसली होती. बाहेर पावसाची सर चालू. आजवर त्या जागी कधी गळलं नव्हतं, म्हणून तिथे बादली नव्हती. छताचा एक थेंब, चांगला टपोरा, काळपट, नेमका मावशीच्या कपात पडला. मावशीनं कपात पाहिलं, वर पाहिलं, आणि कप खाली ठेवत म्हणाली, "ताई, चहा जरा पातळ झाला गं."

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती आत गेली, बॅग भरली, बाहेर आली. अप्पा मशीनवरून उठले.

"अगं, लावतो ना आत्ता ठिगळ. दोन मिनिटं..."

"एक ठिगळ नको मला," आई म्हणाली. "नवं छत होईल तेव्हा येईन. नाहीतर काढा तुमचं दुकान आणि त्या पाटीखाली संसार मांडा." आणि ती मावशीबरोबर गेली.

मी पेटलेच होते. दुसऱ्याच दिवशी ठेकेदारांना फोन लावले.

पहिला ठेकेदार आला, अंगणात उभा राहिला, मान वर करून घराकडे बघितलं आणि म्हणाला, "पाच लाख." शिडीला हातसुद्धा लावला नाही. अप्पा म्हणाले, "अहो, मी पँटसुद्धा माप घेतल्याशिवाय सांगत नाही." तो म्हणाला, "काका, अनुभव असतो." अप्पांनी त्याला गेटपर्यंत पोचवलं.

दुसरा निदान वर चढला. पाय आपटत आपटत चालला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. खाली स्वयंपाकघरात मी भाजी चिरत होते, तर वरून एक बूट लोंबकळायला लागला. त्यानं चार लाख सांगितले, बुटाचे वेगळे.

तिसरी एक बाई होती. ठेकेदारबाई. पन्नाशीची, कानामागे पेन्सिल, कमरेला टेप. अप्पांनी आधी टेपकडे पाहिलं आणि त्यांची नजर मवाळ झाली. बाईंनी सगळं छत मोजलं. कठड्याला जिथे छत मिळतं तिथे वर वळवायला एक वीत जास्त धरली. "शिवणीत दाबायला कापड ठेवावंच लागतं," अप्पा हळूच म्हणाले. बाई म्हणाल्या, "अगदी तेच, मास्तर." मग त्यांनी चाकूनं छताचा एक चौकोनी तुकडा कापून वर उचलला आणि कडेनं थर मोजायला लागल्या.

"अकरा," त्या म्हणाल्या. "मास्तर, हे छत नाही, गोधडी आहे. पाणी वाहून जायला उतार म्हणून राहिलेला नाही. तुमचं प्रत्येक ठिगळ पाण्याला अडवतं आणि शेजारी पाठवतं."

अप्पांच्या चेहऱ्यावर जरा अभिमान, जरा दुःख. अकरा हा आकडा त्यांनाही नवा होता.

संध्याकाळी बाईंनी खर्चाचा कागद आणून दिला. कुजलेल्या फळ्या बदलणे, नवीन उतार काढणे, वॉटरप्रूफिंगची जाड शीट, कठड्याचं काम, पाणी काढायचे पाइप. आणि सगळ्यात शेवटी: जुने थर काढून टाकणे, नव्वद हजार. एकूण साडेतीन लाख. अप्पांची ठेव होती दोन लाख सत्तर हजार.

अप्पा त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसले. "माझं काम काढून टाकायचे नव्वद हजार? मला लावायला कोणी नव्वद रुपये दिले नाहीत!"

"लावलंय इतकं घट्ट, की काढायला माणसं लागतील दहा दिवस," बाई म्हणाल्या. मला वाटतं ती तारीफ होती. अप्पांनी तशीच घेतली.

पण सही नाही केली. चार दिवस कागद मशीनवर पडून राहिला. पाचव्या दिवशी ते मावशीकडे गेले. जाताना टेप आणि कात्री घेतली, म्हणे मावशीचे पडदे खाली लोळतात ते वर करून द्यायचेत. पडदे चार वर्षांपासून लोळतायत. परत आले ते तोंड उतरवून. पडदे वर झाले होते, आई खाली आली नव्हती. तिनं जिन्यावरूनच सांगितलं होतं, "छत की दुकान, ते ठरवा आणि मग या."

त्या संध्याकाळी मी कचेरीतून आले तर अप्पा आईच्या पलंगावर बसले होते. दोन्ही बाजूंना भरलेल्या बादल्या, मधे ते. चादरीवरून हात फिरवत होते.

"बघ," ते म्हणाले, "एक थेंब नाही. आणि झोपायला माणूस नाही."

माझ्या जिभेवर चांगलं खरमरीत काहीतरी आलं होतं. ते मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेव मोडली. बँकेतून आल्यावर ठेकेदारबाईंना निरोप पाठवला: काम करा, पण ती शेवटची ओळ खोडा. उसवायचं काम मी स्वतः करणार. "आयुष्यभर लोकांचं उसवलंय," मला म्हणाले, "स्वतःचं उसवायला दुसऱ्याला पैसे देऊ?" नव्वद हजार वजा केले की दोन लाख साठ हजार. ठेवीत बसत होतं, वर दहा हजार उरत होते. बाईंनी दहा दिवसांची मुदत दिली. पाऊस उघडला होता, तोवर आटपायला हवं होतं.

मी रजा टाकली. चौसष्ट वर्षांच्या माणसाला एकट्याला छतावर कसं सोडणार? आणि खरं सांगते, मला ती ठिगळं स्वतःच्या हातानं उपटायची होती.

वरचा थर गेल्या वर्षीचा, चंदेरी रंगाचा. त्याच्याखाली जाहिरातीचा मोठा फलक निघाला, त्यावर एक बाई दात दाखवून हसत होती. दोन वर्षं आमच्या डोक्यावर ही बया हसत होती तर! मग रबरी चटया, सायकलच्या चिरलेल्या ट्यूब, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. प्रत्येक तुकडा बेतून कापलेला, कडा दुमडलेल्या, कोपरे गोल. अप्पा प्रत्येक थर नीट उचलायचे, गुंडाळायचे, बाजूला ठेवायचे.

"अप्पा, हे टाकायचंय!"

"टाकायचंच आहे. म्हणून काय चुरगाळून टाकायचं?"

नवव्या थरात मला काहीतरी निळं दिसलं. ओढून काढलं. माझा रेनकोट! शाळेतला! खिशावर माझी इयत्ता आणि तुकडी अजून होती.

"हा हरवला म्हणून मी आईचा मार खाल्ला होता!" मी ओरडले. शेजारची दोन माणसं बाहेर आली.

"तुला आखूड झाला होता," अप्पा म्हणाले.

"मग सांगायचं ना!"

"तू दिला असतास?"

मी दोन तास त्यांच्याशी बोलले नाही. मग दहाव्या थरात मावशीची छत्री निघाली, म्हणजे छत्रीचं कापड, आठही कळ्या सुट्या करून पसरलेल्या. या छत्रीपायी मावशी सतरा वर्षं शेजारणीशी बोलत नाही. मला इतकं हसू आलं, की अबोला तिथेच मोडला.

नवव्या दिवशी बहुतेक छत मोकळं झालं होतं. एकच कोपरा राहिला, आईच्या पलंगावरचा. अप्पा तिथे मला येऊ देत नव्हते. "तो मी करतो. तू खाली जा, चहा टाक." दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. मी खाली जाणाऱ्यातली नव्हेच.

तेवढ्यात शिडी वाजली. आधी ठेकेदारबाई वर आल्या, काम बघायला. त्यांच्यामागे आई, आणि तिच्यामागे धापा टाकत मावशी. काम सुरू झाल्याचं कानावर गेलं होतं, पण आईला खात्री करून घ्यायची होती, की हे खरंच काढतायत की वरून आणखी एक शिवतायत. मावशीला तिची छत्री दिसली आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"मास्तर, हा कोपरा कशाला ठेवलात?" बाई म्हणाल्या.

"होतोय, होतोय," अप्पा म्हणाले, पण हात हलेना.

माझा धीर संपला. मी पहार घेतली, थराखाली घातली आणि जोर लावला. तळातून एक भला मोठा पत्रा कुरकुरत वर आला. त्याची वरची बाजू गंजून लाल झाली होती. मी तो उलटा केला.

आतली बाजू कोरी करकरीत होती. पिवळ्या पत्र्यावर तांबडी अक्षरं, काल रंगवल्यासारखी. कोट, पँट, शर्ट. शिवण व दुरुस्ती. दिलेल्या वेळेत काम मिळेल.

ठेकेदारबाई वाकून पत्र्याखालच्या फळ्यांवर बोटाचं पेर वाजवत होत्या. "ह्या फळ्या ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्या छतात एवढ्याच. ह्याच्याखाली काय आहे?"

"आईचा पलंग," मी म्हणाले.

आई पाटीजवळ आली. "ही इथे कधीपासून आहे?"

अप्पा सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळत होते. "पहिल्यांदा गळलं तेव्हापासून. तुझ्या उशीवर गळत होतं. हाताशी दुसरं काही नव्हतं. म्हटलं, दोन दिवस राहू दे."

"मग?"

"मग काढली असती तर पुन्हा तुझ्या अंगावर आलं असतं."

"म्हणून तुम्ही दुकान काढलं नाही?"

"पाटी नाही तर दुकान कसं काढणार?"

"अहो!" आईनं कपाळावर हात मारला. "पैसे होते, नवीन पाटी करायची!"

अप्पा खरोखर गोंधळले. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगं, एवढी चांगली पाटी असताना नवीन कशाला?"

ठेकेदारबाई तोंड फिरवून हसायला लागल्या. मावशी छत्रीसकट हसायला लागली. मी हसत होते की रडत होते, मला कळत नव्हतं. असा माणूस! स्वतःचं दुकान अठरा वर्षं बायकोच्या उशीवर पालथं घालून ठेवतो, तिचे टोमणे ऐकतो, आणि तोंडातून एक अक्षर काढत नाही. मीही काय कमी बोलले होते का त्यांना? मला माझीच लाज वाटली.

आई मात्र हसली नाही. ती कठड्यावर बसली. "अठरा वर्षं मी देवाचे आभार मानतेय," ती म्हणाली. "आणि तुम्हाला शिव्या देतेय. सांगायला काय झालं होतं?"

"तू म्हणाली असतीस, नवीकोरी पाटी खराब केली."

"म्हणाले असते," आई म्हणाली. तिनं पदराचं टोक घेतलं, आधी पाटीवरची धूळ पुसली, मग डोळे. बॅग मावशीकडे राहिली होती, ती मीच संध्याकाळी जाऊन आणली.

छत बारा दिवसांत झालं. उरलेल्या दहा हजारांत आईनं सुताराला बोलावलं आणि पुढच्या खोलीची खिडकी रुंद करून तिला लाकडी फळी बसवून घेतली. खिडकीच्या वर ती पाटी लावली. खिळ्यांची भोकं होती तशीच ठेवली. पेंटर म्हणाला, निदान "दिलेल्या वेळेत" तरी पुसू का, गल्लीतले लोक हसतील. आई म्हणाली, "हसू देत. काढायची नाही." मोठ्या रस्त्यावर नाही, काच नाही, पण पहिल्याच आठवड्यात सात पँटी आल्या.

शेवटी ठेकेदारबाई हिशेबाचा कागद घेऊन आल्या. आईनं तो हातात घेतला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागली. फळ्या. उतार. शीट. कठडा. पाइप. शेवटच्या ओळीवर ती थांबली.

"हे काय? 'पलंगावरच्या भागात आणखी एक थर, मालकांच्या हट्टामुळे. पैसे नाहीत.'"

बाई म्हणाल्या, "मी सांगितलं त्यांना, नव्या छताला गरज नाही. ऐकेनात. उरलेल्या शीटचा तुकडा स्वतः बेतून आणला, सहा बाय चार. कडा दुमडून आणल्या होत्या."

म्हणजे नव्याकोऱ्या छताला ठिगळ! मी अप्पांवर तोंड टाकणारच होते. ते मशीनवर वाकले होते, कान लाल झाले होते आणि मशीनचं पायडल उगाचच जोरात चालू होतं.

जी बाई एक ठिगळ नको म्हणून घर सोडून गेली होती, तिनं तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला.

"बसा," ती बाईंना म्हणाली. "चहा टाकते. आमच्याकडे आता पातळ होत नाही."